काळकर्ते शिवरामपंत: चरित्र लिहायचे तर छापखान्याच्या दाराने आत शिरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'काळ' साप्ताहिकाचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांच्यावर दीर्घ चरित्रलेख लिहायचा आहे. वाचायला घेतले तर एकीकडे क्रांतिकारकांचे गुरू म्हणून आरती, दुसरीकडे शब्दांचा फुलोरा आणि पेशवाईचे उसासे अशी बोळवण. यातले काय मानायचे, खटला नेमका कशावरून झाला, 'काळ' बंद का पडला, आणि लेखाची सुरुवात कुठून करायची?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. जन्म महाडचा, २७ जून १८६४. मृत्यू पुण्यात, २७ सप्टेंबर १९२९. या तारखा लेखात यायलाच हव्यात, पण तिथून सुरुवात केलीत तर वाचक दुसऱ्याच परिच्छेदात शाळा, शिष्यवृत्ती आणि पदव्यांत अडकून बसेल. सुरुवात १८९८च्या मार्चमधल्या पुण्यापासून करा.

त्या वेळचे पुणे डोळ्यांसमोर आणा. प्लेगची दहशत पुरती ओसरलेली नाही. आदल्या वर्षी २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर शहरावर जादा पोलीस बसले, पुण्याचे सरदार नातूबंधू यांना खटला न चालवताच अटकेत टाकले. 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ते तुरुंगात आहेत. रँडच्या खुनाबद्दल दामोदर चापेकर येरवड्यात फाशीची वाट पाहताहेत. ती १८ एप्रिलला झाली. आणि याच वर्षी सरकार राजद्रोहाचे १२४-अ कलम दुरुस्त करून आणखी आवळते आहे. शहाणीसुरती माणसे तोंडाला कुलूप लावून बसली होती. अशा महिन्यात तेहतीस वर्षांचा एक संस्कृतचा एम. ए. पुण्यात नवे राजकीय साप्ताहिक काढतो. शिवरामपंतांच्या स्वभावाचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही. चरित्रातली बाकी विशेषणे याच्यापुढे उपरी वाटतात.

जुन्या मराठी नियतकालिकांच्या सूची करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या कामाने लागलेली एक सवय तुम्हाला सुचवतो. साप्ताहिकाचा अंक हातात आला की अग्रलेख नंतर वाचा. आधी शेवटचे पान काढा आणि अगदी तळाशी, बहुधा बारीक टाइपात, जाहिरातींच्या खाली दबलेली ओळ वाचा: हे पत्र पुणे येथे अमुक छापखान्यात अमक्याने छापून अमक्याने प्रसिद्ध केले. कागद तपकिरी झालेला असतो, कडा बोट लागताच पापुद्र्यासारख्या सुटतात, बाइंडिंग करणाऱ्याने कापताना ही ओळ अर्धी खाल्लेली असते. तरी ती शोधाच. १८६७च्या छापखाना कायद्याने ती सक्तीची होती. मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन डिक्लेरेशन करायचे, मुद्रक आणि प्रकाशक म्हणून नाव नोंदवायचे, तेव्हा कुठे पत्र निघायचे. लेख निनावी असला तरी चालत असे, पण या ओळीला निनावी राहता येत नसे. पोलीस आधी ही ओळ बघत. १८९७च्या खटल्यात टिळकांबरोबर आर्यभूषण छापखान्याचे केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. ते सुटले, पण पिंजऱ्यात उभे राहावे लागलेच. 'काळा'च्या अंकांत या ओळीतली नावे कधी बदलली आणि छापखाना कधी बदलला याची एक साधी यादी करा. चरित्रकार सहसा हे करत नाहीत आणि मग एकट्या लेखणीच्या गोष्टी सांगत बसतात.

माझे म्हणणे एवढेच आहे, की शिवरामपंतांना नुसते निबंधकार म्हणून वाचले की त्यांचे अर्धे आयुष्य कळत नाही. दर आठवड्याला अंक काढायची जोखीम घेतलेला माणूस म्हणून त्यांना वाचा. मग त्यांची शैलीही वेगळी दिसू लागते.

त्यांच्या वक्रोक्तीचे आपल्याकडे फार कौतुक झाले आहे आणि ते रास्त आहे. सरकारची स्तुती करण्याचा आव आणायचा आणि ती स्तुती इतकी ताणायची, की तिची वीण उसवून आतले सगळे दिसावे. पुराणातला प्रसंग घ्यायचा, परदेशाच्या इतिहासातले एखादे परतंत्र राष्ट्र घ्यायचे, नाहीतर एखाद्या प्राण्याला किंवा निर्जीव वस्तूला बोलते करायचे. हिंदुस्थानचे नाव न घेता हिंदुस्थानचीच गोष्ट सांगायची. शाळेत आपण हे 'उपरोधाचा नमुना' म्हणून शिकतो. पण कोर्टाच्या बाजूने बघा. राजद्रोह सिद्ध करायचा तर लेखाचा अर्थ सरकारी वकिलाला सांगावा लागतो. लेख वरकरणी सरकारची तारीफ करत असेल, तर सरकार कसे लुटारू आणि जुलमी आहे हे आता सरकारच्याच वकिलाने भर कोर्टात उलगडून दाखवायचे! अवघड जागेचे दुखणे म्हणतात ते हेच. 'काळा'वर खटला भरावा का, याचा खल सरकारदरबारी १९०८च्या आधीही झाला होता आणि तरी दहा वर्षे तो भरला गेला नाही. त्यात या शैलीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. म्हणजे वक्रोक्ती हा अलंकार होता तशीच पत्र जिवंत ठेवण्याची तजवीजही होती.

'नुसता फुलोरा' म्हणणाऱ्यांचे मात्र थोडे खरे आहे, तेही लिहा. सलग दहा-बारा निबंध वाचले की दम लागतो. एकच कल्पना सात-आठ वळणे घेत येते, संस्कृत कादंबरीची सवय लेखणीतून जात नाही. बाणभट्टाच्या कादंबरीवर त्यांनी संगीत नाटक केले होते, तेव्हा हे वळण आले कुठून ते शोधायला लांब जायला नको. पण हे निबंध एकत्र वाचण्यासाठी लिहिलेले नव्हते. आठवड्याला एक, वाड्याच्या ओट्यावर एकाने मोठ्याने वाचायचा आणि दहा जणांनी ऐकायचा, हा त्यांचा मूळ घाट. एखादा निबंध मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांना लांबलेले वाटणारे वाक्य कानाला बरोबर जागी टाळी मागते.

आता एक इशारा. नावाच्या घोटाळ्यात पडू नका. १९०५च्या विजयादशमीला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. मिरवणूक लकडी पुलापलीकडे गेली, तिथे ढीग पेटला, टिळक बोलले, शिवरामपंत बोलले. पुढाकार विद्यार्थ्यांचा होता आणि त्यांत विनायक सावरकर पुढे होते. या प्रकरणी फर्ग्युसन कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. त्या वेळचे प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजे रँग्लर परांजपे. ते मवाळ पक्षाचे, गोखल्यांच्या वळणाचे. होळीवर भाषण करणारे परांजपे एक आणि होळीबद्दल दंड करणारे परांजपे दुसरे. हा घोटाळा मी छापील मजकुरातही पाहिला आहे, आणि आता तर कोणीही कोणाचाही फोटो कुठेही चिकटवतो. पुढच्याच वर्षी लंडनच्या श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीसाठी सावरकरांची शिफारस टिळकांबरोबर शिवरामपंतांनीही केली. 'क्रांतिकारकांचे गुरू' या बिरुदामागे जे ठोस आहे ते असे आहे: शिफारस, व्यासपीठ आणि दर आठवड्याचा अंक. यापलीकडे कटात हात होता असे सूचित करायचे असेल तर त्याला कागद लागेल. कागदाशिवाय ते वाक्य लिहू नका, मग ते कितीही गौरवाचे वाटो.

खटल्याकडे येऊ. ३० एप्रिल १९०८ला मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला. नेम न्यायाधीश किंग्जफर्डवर होता. गाडी दुसऱ्याची निघाली आणि केनेडी नावाच्या वकिलाची पत्नी व मुलगी मारल्या गेल्या. तुमच्या लेखात या दोघी बायकांचा मृत्यू एका वाक्यात तरी यायला हवा. आपल्याकडच्या चरित्रांत बाँब येतो, हुतात्मे येतात, या दोघी येत नाहीत. या घटनेवर मराठी पत्रांत लेखांमागून लेख आले. 'केसरी'त टिळकांचा 'देशाचे दुर्दैव' १२ मेचा, 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ९ जूनचा. 'काळा'तला लेख १५ मेचा. त्यातला जो भाग पुढे क्रांतिकारी चळवळींची चौकशी करणाऱ्या रौलट समितीच्या १९१८च्या अहवालात इंग्रजीत उतरवला गेला, तो वाचला की लक्षात येते, इथे वक्रोक्ती जवळपास गळून पडली आहे. स्वराज्यासाठी लोक आता काहीही करायला तयार आहेत, इंग्रजी राज्याचे गोडवे गाणे संपले, त्या सत्तेची भीती उरलेली नाही, असे सरळ विधान आहे. दहा वर्षे पडद्याआडून बोलणारा माणूस पडदा बाजूला करून बोलला. का? रागाने, की टिळकही तेच बोलत होते म्हणून, की आता पडद्याचा उपयोग राहिला नाही हे ओळखून? मला तिसरे कारण अधिक पटते. त्या उन्हाळ्यात सरकार शब्दांचे अर्थ काढत बसण्याच्या मनःस्थितीत नव्हतेच. ८ जूनला वृत्तपत्रांवरचा नवा कायदा झाला, त्यात चिथावणी देणाऱ्या पत्राचा छापखानाच जप्त करण्याची सोय होती.

जूनमध्ये शिवरामपंतांना अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या कामासाठी टिळक मुंबईला गेले आणि तिथेच, सरदारगृहात, २४ जूनला स्वतः पकडले गेले. हा धागा तुमच्या लेखात जरूर घ्या, कारण तो बहुतेकांना ठाऊक नसतो. टिळकांच्या खटल्याच्या प्रकाशात शिवरामपंतांचा खटला झाकोळला, पण क्रमाने तो आधीचा. जुलैच्या सुरुवातीला त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षे हद्दपारी. शिक्षांतल्या फरकावरून कोणी 'यांचा गुन्हा सौम्य' असे म्हणू लागले तर थांबवा. टिळकांची ती राजद्रोहाची दुसरी शिक्षा होती.

'काळ' बंद पडला तो या शिक्षेने, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते बरोबर नाही. पत्र संपले १९१० साली आणि त्याला मारले जामिनाने. २१ डिसेंबर १९०९ला नाशकात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, आणि फेब्रुवारीत नवा प्रेस अॅक्ट आला. त्याने राजद्रोह कोर्टात सिद्ध करण्याची कटकटच काढून टाकली. नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार आणि चालू छापखान्याकडून पाच हजारांपर्यंत जामीन मागायचा, मजकूर आक्षेपार्ह वाटला की जामीन जप्त करायचा, पुन्हा चालवायचे असेल तर त्याहून मोठा जामीन. ज्युरी नाही, उलटतपासणी नाही, अर्थाचा कीस नाही. छापखान्याच्या मालकाने हिशेब करायचा आणि स्वतःच गप्प बसायचे. 'काळा'कडे मोठ्या रकमेचा जामीन मागितला गेला, तो भरण्याची ऐपत नव्हती, पत्र बंद झाले. वक्रोक्तीला खटल्यापुढे थोडीफार धार होती. जामिनापुढे ती बोथट, कारण तिचा अर्थ लावायलाच कोणी बसत नव्हते. म्हणून म्हणतो, प्रकाशक शिवरामपंत समजल्याशिवाय लेखक शिवरामपंत का थांबले हे कळत नाही. याच १९१० साली, निधनाला अठ्ठावीस वर्षे झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंधही सरकारने जप्त केला, इतका तो जाळ्याचा फास बारीक होता. शिवरामपंत चिपळूणकर-टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी. गुरू आणि शिष्य एकाच वर्षी गप्प केले गेले.

यापुढची दहा वर्षे लेखात झपाट्याने ओलांडा, फारसे बिघडत नाही. खरी गंमत १९२० नंतरची आहे, आणि तिथेच बहुतेक चरित्रे दोन पानांत आटोपतात.

टिळक १ ऑगस्ट १९२०ला गेले. पुण्यातले त्यांचे बरेच अनुयायी गांधींपासून अंतर राखून राहिले. शिवरामपंत मात्र असहकाराकडे वळले आणि 'स्वराज्य' नावाचे नवे साप्ताहिक काढून बसले. बाँबच्या लेखासाठी शिक्षा भोगलेला माणूस गांधींच्या बाजूला! त्यांना एका झेंड्याखाली उभे करू पाहणाऱ्यांची इथे पंचाईत होते, म्हणून हा भाग गाळला जातो. तुम्ही तो गाळू नका, आणि 'म्हातारपणी मवाळ झाले' असा सोपा निकालही देऊ नका.

कारण लगेच मुळशी येते. टाटांच्या वीज कंपनीने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी मुळशीला धरण बांधायला घेतले. मावळातली पन्नासएक गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते, 'जान किंवा जमीन' ही घोषणा. शिवरामपंत त्यात उतरले आणि त्यांना सहा महिन्यांचा तुरुंग झाला. वय अठ्ठावन्नच्या आसपास. या तुरुंगवासाकडे नीट बघा. आयुष्यभर स्वदेशीचा पुरस्कार केलेला माणूस एका स्वदेशी कंपनीच्या विरोधात तुरुंगात जातो. १९०५ला परदेशी कापड जाळणारे, आणि १९२१-२२ला मुंबईच्या देशी गिरण्यांना वीज देणाऱ्या देशी भांडवलासमोर उभे राहणारे, परांजपे एकच. राष्ट्र म्हणजे कोण, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मधल्या काळात बदलले होते का? माझ्या मते बदलले होते, निदान हलले होते. मात्र ही बाजूही गुळगुळीत करू नका. मुळशीच्या जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे हक्क होते, मोबदल्यात त्यांचा हितसंबंध कुळांपेक्षा वेगळा होता, आणि या सत्याग्रहाच्या अपयशात तो ताणही होता. तुमच्या लेखाचे सर्वांत जड पान हे व्हायला हवे. त्यासाठी मुळशीला एकदा जाऊन या. उन्हाळ्यात पाणी उतरले की किती खोरे बुडाले याचा अंदाज येतो.

'सनातनी' या आरोपाबद्दल. काळकर्त्यांच्या राष्ट्राच्या चित्रात मराठ्यांचा इतिहास मध्यभागी आहे; १८०२ ते १८१८ या काळातल्या मराठ्यांच्या लढायांवर त्यांनी अखेरच्या वर्षांत मोठा ग्रंथ लिहिला, म्हणजे राज्य गेले कसे हा त्यांचा सल शेवटपर्यंत होता. त्या राज्यात ब्राह्मणेतरांचे स्थान काय, हा प्रश्न त्याच दशकांत कोल्हापुरात वेदोक्ताच्या, म्हणजे छत्रपतींचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या वादाच्या रूपाने आणि सत्यशोधकांच्या पत्रांतून जोरात विचारला जात होता. तुमच्या लेखात हा प्रश्न आजच्या चष्म्याने विचारण्याची गरजच नाही, त्यांच्या समकालीनांनीच तो विचारून ठेवला आहे. 'काळ'चे त्या वर्षांचे अंक एका बाजूला आणि 'दीनमित्र'सारखे नंतरचे सत्यशोधकी पत्र दुसऱ्या बाजूला ठेवून वाचा. जे आढळेल ते तसेच लिहा. आरोप आणि बचाव दोन्ही वाचकाकडे सोडले तरी चालते, उदाहरणे मात्र तुमची हवीत.

वाचन कसे करायचे ते शेवटी. 'काळातील निवडक निबंध' दहा खंडांत निघाले आणि त्यांच्यावरही सरकारची जप्ती आली. बहुतेक जण या खंडांवरून लिहितात. खंड चांगले आहेत, पण नावातच 'निवडक' आहे. निवडीत जाहिराती गेल्या, वाचकांची पत्रे गेली, बातम्या गेल्या, त्या आठवड्याचा धुरळा गेला. निदान पाच-सहा निबंध मूळ अंकातल्या त्यांच्या जागी शोधून वाचा. शेजारच्या स्तंभात कसली बातमी आहे यावर निबंधातला टोमणा कुणाला होता ते कळते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, साहित्य परिषद आणि केसरीवाडा इथे चौकशी करा, आणि जाण्याआधी फोन करा, जुने अंक बाइंडिंगला किंवा स्कॅनिंगला गेलेले असतात. मग मुंबईला पुराभिलेखागारात जा. सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा गोपनीय सारांश तयार करत असे, ते छापील अहवाल तिथे आहेत. 'काळा'चा कोणता लेख सरकारला टोचला आणि कोणता सुटून गेला, हे त्यातून तारीखवार कळते. मूळ लेख आणि त्या सारांशाच्या चार ओळी समोरासमोर ठेवा. १८९८ ते १९०८पर्यंत हे जमवलेत तर चरित्राचा कणा हाती लागेल, आणि तो अजून कोणी पुरता जमवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तारखांचे एक लक्षात ठेवा. मराठी साप्ताहिकांवर शके आणि तिथी असते, सरकारी कागदांत इंग्रजी तारीख. अंकाची इंग्रजी तारीख पंचांगाशी पडताळून घ्या आणि दोन्ही नोंदी एकाच वहीत समोरासमोर लिहा, नाहीतर अंक आणि सारांश जुळवताना आठवड्याचा घोळ होतो.